डाव्या गालाविषयी, तुम्ही विचारलेत म्हणून

हा प्रश्न मला पहिल्या भेटीत सहसा कोणी विचारत नाही. पहिल्या भेटीत लोक माझ्या उजव्या डोळ्याकडे पाहून बोलतात, दुसऱ्या भेटीत थोडे सैलावतात, आणि तिसऱ्या भेटीत, आता ओळख पुरेशी झाली असे वाटले की आवाज जरा खाली आणून म्हणतात, "राग मानू नका, पण हल्ली लेझर वगैरे निघाले आहे, मग तुम्ही तो डाग काढून का टाकत नाही?" विचारणाऱ्यांत शेजारी असतात, सहकारी असतात, प्रवासात तासाभरासाठी भेटलेली माणसे असतात. त्यांच्यापैकी बहुतेकांचा हेतू चांगला असतो हे मी आता, पन्नाशी ओलांडल्यावर, मान्य करते. तिशीत करत नव्हते.

डाग कसा आहे ते आधी सांगते, म्हणजे न पाहिलेल्यांनाही पुढचे कळेल. डाव्या डोळ्याच्या खालून तो सुरू होतो, सगळा गाल व्यापतो, वरच्या ओठाचा कोपरा घेऊन जबड्याच्या कडेला संपतो. जन्मतः तो गुलाबी होता, वयाबरोबर जांभळा होत गेला, आणि मी चिडले किंवा चढ चढून आले की तो माझ्याआधी बोलू लागतो. त्वचेतील केशवाहिन्या जन्मापासूनच रुंदावलेल्या राहिल्याने असा डाग होतो आणि हजारात सुमारे तीन बाळांना तो असतो. म्हणजे हे फार दुर्मीळ आहे असेही नाही. असे चेहरे रस्त्यावर कमी दिसतात, याची कारणे वेगळी आहेत.

प्रश्नाचे छोटे उत्तर असे की मी लेझर करून घेतले आहे. एकतिसाव्या वर्षी सहा बैठका झाल्या. प्रत्येक ठिणगीला रबराचे जाड वेटोळे ताणून गालावर सोडावे तशी चपराक बसत असे, आणि नंतर दोन आठवडे गाल काळाजांभळा पडत असे, म्हणजे डाग कमी करण्यासाठी आधी दुप्पट डाग घेऊन वावरावे लागे. कडा निवळल्या, मधला भाग दोन छटांनी फिका झाला, आणि पुढे फार फरक पडणार नाही असे डॉक्टरांनी प्रामाणिकपणे सांगितले. मी थांबले. त्यात कसलाही निर्धार नव्हता. पैसे संपत आले होते आणि मी कंटाळले होते.

या उत्तराने विचारणाऱ्याचे समाधान होत नाही. "आता तंत्र आणखी सुधारले आहे," असे पुढचे वाक्य येते, आणि तिथून माझे लांब उत्तर सुरू होते, जे मी आजवर कोणाला पूर्ण ऐकवलेले नाही.

जगातील भाषा या डागाला काय म्हणतात हे पाहण्याचा मला जुना नाद आहे. जर्मनमध्ये अशा डागाला अग्निखूण अशा अर्थाचा शब्द आहे, इंग्रजी आणि फ्रेंच मद्याचे नाव घेतात. पण एकूण जन्मखुणांसाठीचे शब्द पाहू लागलो की एक चमत्कारिक गोष्ट दिसते. जर्मन, डच आणि डॅनिश भाषांत जन्मखुणेला सरळ 'आईची खूण' किंवा 'आईचा डाग' म्हणतात. स्पॅनिशमधील 'अँतोहो' आणि इटालियनमधील 'व्होल्या' या शब्दांचा अर्थ डोहाळा असाही होतो आणि जन्मखूण असाही. अरबीतील 'वहमा' हा शब्दही डोहाळ्यांशीच जोडलेला आहे. आईने गरोदरपणी काही मागितले आणि ते तिला मिळाले नाही, म्हणून बाळाच्या अंगावर त्याचा ठसा उमटला, ही समजूत भूमध्य समुद्राच्या दोन्ही काठांवर आहे. आपल्याकडे ग्रहणाचा दोष सांगतात. मेक्सिकोतही ग्रहण आणि बाळाचा फाटलेला ओठ यांचा संबंध जोडला जातो, आणि तिथल्या गरोदर बाया ग्रहणात पोटापाशी धातूची टाचणी लावतात. या लोकांनी एकमेकांना विचारून हे ठरवले नव्हते. तरीही चेहऱ्यावर काही वेगळे दिसले की त्याचा जाब एका बाईला विचारायचा, हे सगळ्यांना आपापल्या परीने सुचले.

माझ्या आईला तो जाब विचारला गेला. ग्रहणात तिने काय चिरले, कुठे उभी राहिली, याची उजळणी मी शाळेत जाईपर्यंत होत होती, आणि ती स्वतः मरेपर्यंत मनात करत असावी. २०१३ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी दाखवून दिले की 'जीएनएक्यू' नावाच्या एका जनुकात, गर्भ तयार झाल्यानंतर, वाढीच्या ओघात, काही पेशींपुरता झालेला बदल या डागामागे असतो. तो आईकडून येत नाही, बापाकडून येत नाही, आणि सुरीचा किंवा चंद्राचा त्याच्याशी काही संबंध नाही. ती बातमी वाचली तेव्हा आई जाऊन चार वर्षे झाली होती. मी तो कागद बराच वेळ हातात धरून बसले होते एवढे आठवते.

आता नोकरीची गोष्ट. मी पंचवीस वर्षांची होते आणि ग्राहकांशी बोलण्याच्या कामासाठी अर्ज केला होता. फोनवर दोन फेऱ्या झाल्या आणि दोन्ही उत्तम झाल्या. "उद्या या, आता फक्त औपचारिकता उरली आहे," असे मला सांगण्यात आले. दुसऱ्या दिवशी समोर तिघे बसले होते. मधल्या गृहस्थांनी माझे शिक्षण कुठे झाले ते विचारले, मी सांगितले, त्यांनी मान डोलावली, आणि चार मिनिटांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला. मी पुन्हा सांगितले. त्यांच्या हातातली पेन्सिल कागदावर टेकलेली होती, पण तिने काहीच लिहिले नव्हते. शेवटी ते फार सौजन्याने म्हणाले, "आमची काहीच हरकत नाही हो, पण ग्राहकांचे कसे असते तुम्हाला माहीत आहे." त्यांनी आतल्या खोलीतले, फायलींचे, कमी पगाराचे काम देऊ केले. मी ते घेतले आणि दोन वर्षे केले. बाणेदारपणे उठून बाहेर पडले असे लिहायला आवडले असते, पण तसे झाले नाही.

तो दोनदा विचारलेला प्रश्न मला अनेक वर्षे अपमान म्हणून आठवत राहिला. त्याचा उलगडा पुढे हुआन मडेरा आणि मिशेल हेबल यांच्या २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात मिळाला. मुलाखत पाहणाऱ्यांची नजर पडद्यावर नेमकी कुठे फिरते हे त्यांनी यंत्राने मोजले. उमेदवाराच्या गालावर असा डाग किंवा व्रण असला की नजर तिथे अधिक वेळा जाई, आणि ती जितकी अधिक जाई तितक्या उमेदवाराने सांगितलेल्या गोष्टी कमी लक्षात राहत, आणि मग त्याचे मूल्यमापनही खाली येई. दुसऱ्या प्रयोगात अनुभवी व्यवस्थापकांना समोरासमोर मुलाखती घ्यायला लावल्या, तरी हेच घडले. म्हणजे त्या मधल्या गृहस्थांनी मला खरोखरच ऐकले नव्हते. त्यांचे डोळे कामात होते आणि कान मोकळे नव्हते. पुढे त्यांच्या मनात उरले असेल ते एवढेच, की बाई जरा फिक्या वाटल्या, छाप पडली नाही. रूपावरून होणारा भेदभाव बहुतेक वेळा असाच होतो. करणाऱ्याला तो आठवतही नाही, कारण त्याच्या मते त्याने गुणांवरच निर्णय घेतलेला असतो.

आणि तो ग्राहक. मला तो कधी भेटला नाही. ज्या ज्या देशांत या विषयावर वाद झाले त्या सगळीकडे हा न दिसणारा ग्राहक हजर असतो. अमेरिकेत एका विमान कंपनीने पुरुषांना हवाई सेवकाचे काम नाकारले, कारण म्हणे प्रवाशांना बायकाच आवडतात. १९७१ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने ग्राहकांची आवड ही भेदभावाची सबब होऊ शकत नाही असे ठरवले. प्रश्न तिथे स्त्रीपुरुष भेदाचा होता, रूपाचा नव्हता, पण सबब तीच होती. स्वतःचा संकोच तिसऱ्याच्या नावावर टाकला की माणसाला स्वतःविषयी चांगले वाटत राहते.

इथे माझ्या विरुद्ध जाणारी एक गोष्टही सांगितली पाहिजे. १९८० मध्ये क्लेक आणि स्ट्रेंटा या मानसशास्त्रज्ञांनी काही स्त्रियांच्या चेहऱ्यावर रंगाने खोटा व्रण काढला, तो त्यांना आरशात दाखवला, आणि मग तो फुटू नये म्हणून मलम लावतो असे सांगून त्यांच्या नकळत पुसून टाकला. त्या स्त्रिया व्रण आहे असे समजून अनोळखी माणसाशी बोलायला गेल्या, आणि परत येऊन म्हणाल्या की समोरचा माणूस त्या व्रणामुळे अवघडला होता, टक लावून पाहत होता. चेहरा स्वच्छ होता. हे वाचून मी खजील झाले. माझ्या हिशेबाच्या वहीतल्या किती नजरा खऱ्या होत्या आणि किती मीच लिहून ठेवल्या, हे आता कोणीच सांगू शकणार नाही. परंतु त्या वहीची सवय मला कशी लागली, हेही त्याच वेळी विचारले पाहिजे. चौथीत असताना माझ्या शेजारी बसायला एका मुलीने बाईंकडे जाऊन नकार दिला होता, आणि बाईंनी तिची जागा बदलली होती. वही तिथे सुरू झाली.

चेहरा वाचता येतो हा विश्वास फार शिकलेल्या माणसांतही होता. १८३१ मध्ये 'बीगल' जहाजाचा कप्तान फिट्झरॉय तरुण चार्ल्स डार्विनला सफरीवर न्यायला कचरत होता, कारण डार्विनच्या नाकाची ठेवण. चेहऱ्यावरून स्वभाव ओळखण्याचे शास्त्र मांडणाऱ्या लाव्हाटरचा तो अनुयायी होता, आणि अशा नाकाच्या माणसात सफरीला लागणारी चिकाटी असेल यावर त्याचा विश्वास बसेना. डार्विनने उतारवयात हे मिस्किलपणे नोंदवले आहे. त्याचे नाक खोटे बोलले याची कप्तानाला पुढे खात्री पटली. नाक थोडे अधिक बेढब असते तर जीवशास्त्राचा इतिहास कोणी लिहिला असता, हा विचार मला अधूनमधून करमणुकीसाठी पुरतो. १८७६ मध्ये इटलीच्या लोम्ब्रोझोने जबडा, कान आणि कपाळ यांवरून जन्मजात गुन्हेगार ओळखण्याची पद्धत मांडली, आणि ती करमणुकीची गोष्ट राहिली नाही. शिकागो शहराने १८८१ मध्ये, व्यंग किंवा विद्रूपता असलेल्या, दिसायला किळसवाण्या माणसाने रस्त्यावर लोकांच्या नजरेस पडू नये असा नियम केला. सॅन फ्रान्सिस्कोने तो त्याआधी, १८६७ मध्येच केला होता. शिकागोचा नियम १९७४ मध्ये रद्द झाला, म्हणजे तो कागदावर होता तेव्हा माझा जन्म झालेला होता.

निरनिराळ्या समाजांत सौंदर्याच्या कल्पना निरनिराळ्या असतात हे सगळ्यांना ठाऊक आहे, आणि त्यातून लोक एक सांत्वन काढतात की इथे नाही तर तिथे, कुठे तरी आपले रूप चालते. मला ते सांत्वन पटत नाही. मॉरिटानियात मुलगी जाड असणे हे सौंदर्य आणि सुबत्तेचे लक्षण मानले जाई, म्हणून तिथे लहान मुलींना बळेच खाऊ घालून फुगवत. दक्षिण कोरियात उलट, बारीक बांधा आणि लहान चेहरा यांसाठी विशीतल्या मुली शस्त्रक्रिया करून घेतात. काटा एकदा या टोकाला आणि एकदा त्या टोकाला, पण दोन्हीकडे तराजूत बसते ती मुलगीच. टांझानियात त्वचेत रंगद्रव्य नसलेल्या माणसांच्या अवयवांत जादू असते या समजुतीपायी त्यांच्यावर हल्ले झाले, खून झाले. आणि गोरेपणाची मलमे खपतात त्याच खंडात त्या माणसांना उन्हापासून आणि शेजाऱ्यांपासून लपून राहावे लागते. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ पासून १३ जून हा दिवस त्यांच्यासाठी पाळायला घेतला. गोरेपणा हवा, पण तो नेमका कुठपर्यंत, हेही पाहणाराच ठरवतो.

कोणते रूप वाईट यापेक्षा, ते रूप बदलता येत असूनही तुम्ही बदलत नाही, हा आरोप मला अधिक महत्त्वाचा वाटू लागला आहे. माझ्या लहानपणी डागावर उपाय नव्हता, तेव्हा लोक कीव करत. लेझर आल्यावर कीव ओसरली आणि तिच्या जागी प्रश्न आला. उपाय निघाला की तो न करणे ही हयगय ठरते, अस्वच्छता ठरते, कधी तर उद्धटपणा ठरतो. वेडेवाकडे दात, टक्कल, वजन, सुरकुत्या, कुरळे केस, या प्रत्येकाच्या बाबतीत हे घडले आहे, आणि ज्याला उपाय परवडत नाही त्याच्या चेहऱ्यावर त्याची गरिबीही वाचली जाते.

न्यायालयेसुद्धा यातून सुटलेली नाहीत. अमेरिकेत अलाबामा राज्यात २०१० मध्ये एका कृष्णवर्णीय तरुणीला नोकरी देऊ केली गेली आणि केसांच्या जटा कापणार नाही म्हणाल्यावर ती काढून घेतली गेली. काम फोनवर बोलण्याचे होते, म्हणजे इथे तो ग्राहक तिला पाहणारसुद्धा नव्हता. २०१६ मध्ये अपील न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला. कारण असे की वंश बदलता येत नाही, पण केशरचना बदलता येते. जे बदलता येते ते बदला, हा माझ्या शेजाऱ्यांचाच सल्ला, फक्त न्यायालयाच्या भाषेत. कॅलिफोर्नियाने २०१९ मध्ये कायदा करून केसांचा पोत आणि जटा, वेण्या यांसारख्या केशरचनांना वंशभेदाच्या व्याख्येतच आणले, आणि तसे करणारे ते पहिले राज्य ठरले.

माझा गाल कोणत्या कायद्यात बसतो हेही मी पाहिले आहे. फ्रान्सने २००१ मध्ये नोकरीतील भेदभावाच्या यादीत 'शारीरिक रूप' हे शब्द घातले. मिशिगन राज्याने १९७६ मध्येच उंची आणि वजन घातले होते, न्यूयॉर्क शहराला तिथपर्यंत यायला २०२३ उजाडले. दक्षिण कोरियात २०१९ पासून तीस किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या मालकाला उमेदवाराचे रूप, उंची, वजन यांची माहिती मागता येत नाही. ब्रिटनच्या २०१० च्या समानता कायद्यात गंभीर विद्रूपता अपंगत्वात धरली जाते आणि तिच्यामुळे रोजच्या कामात अडचण येते हे वेगळे सिद्ध करावे लागत नाही. मार्गदर्शनात जन्मखुणांचा उल्लेखही आहे. गोंदण मात्र त्यात येत नाही, कारण ते आपणहून घेतलेले असते. तेव्हा ब्रिटनमध्ये मी अपंग आहे आणि माझी गोंदलेली मैत्रीण नाही, हे आम्ही दोघींनी हसून घेतले. खरे तर मला अपंग म्हटल्याचा राग येत नाही, पण मला काय करता येत नाही हे सांगायला त्यांना जागा सापडली नसती, एवढेच. फ्रान्सचा शब्द मला अधिक बरा वाटतो. त्यात माझ्यात काय कमी आहे हे ठरवावे लागत नाही, मालकाने काय पाहून निर्णय घेतला एवढेच पाहावे लागते.

आता एक गंमत. कागदपत्रासाठी छायाचित्र हवे होते म्हणून मी एका स्टुडिओत गेले. तरुण मुलगा होता, त्याने नीट बसवले, हनुवटी जराशी खाली घ्यायला सांगितली, अर्ध्या तासात पाकीट हातात ठेवले आणि म्हणाला, "थोडे साफ करून दिले आहे, त्याचे पैसे नाहीत." पाकिटात आठ बायका होत्या, आठही सारख्या, आणि त्यांतली एकही मी नव्हते. दोन्ही गाल एकाच रंगाचे, सपाट, भिंतीसारखे. त्याने चांगुलपणाने केले होते आणि मला घाई होती, म्हणून मी तेच अर्जाला चिकटवले. खिडकीतल्या बाईंनी छायाचित्र पाहिले, मला पाहिले, पुन्हा छायाचित्र पाहिले आणि अर्ज परत सरकवला. "हा फोटो तुमचा नाही." त्याच अर्जात ओळखीची खूण लिहायचा रकाना होता. इतर लोक तिथे उभे राहून बाह्या सरकवून तीळ शोधत होते. सगळ्या रांगेत तो रकाना एका क्षणात भरणारी मी एकटीच होते.

हे मी सांगते तेव्हा लोक त्या मुलाला हसतात. पण एका महासत्तेनेही तेच केले होते. मिखाईल गोर्बाचेव्ह १९८५ मध्ये सोव्हिएत संघाचे प्रमुख झाले तेव्हा त्यांच्या कपाळावरचा, साऱ्या जगाला दिसणारा तसलाच डाग सुरुवातीच्या अधिकृत छायाचित्रांतून पुसलेला असे. अण्वस्त्रे बाळगणाऱ्या राष्ट्राला आपल्या नेत्याच्या टकलावर तेवढा रंग सोसवत नव्हता.

लोक मला शेवटी एक गोष्ट सांगतात, की पाहणे हे नैसर्गिक आहे, वेगळे दिसले की नजर जाणारच. नजर जाते हे खरे आहे, माझीही जाते. परंतु ती गेल्यानंतर काय करायचे हे शिकवता येते, आणि ते शिकवल्याचे उदाहरण इंग्लंडमध्ये आहे. पहिल्या महायुद्धात चेहरे फुटलेल्या सैनिकांसाठी १९१७ मध्ये सिडकप इथे रुग्णालय उघडले. हॅरल्ड गिलीज तिथे शस्त्रक्रिया करत, आणि आजच्या प्लॅस्टिक सर्जरीचा बराचसा पाया त्यांनी तिथेच घातला. वॉर्डांत आरशांना मनाई होती. रुग्णालयापासून गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर काही बाके निळ्या रंगाने रंगवली होती, अशासाठी की त्यांच्यावर बसलेला माणूस पाहून धक्का बसू शकतो, हे गावकऱ्यांना आधीच कळावे. हेतू वाईट नव्हता. ते बाक दमलेल्या सैनिकासाठीच होते. तरी त्या निळ्या बाकावर पहिल्यांदा बसणाऱ्याला कसे वाटले असेल, हे मला नेमके ठाऊक आहे असे वाटते. उजव्या डोळ्याकडे पाहून बोलणारी माणसे मला रोज तशाच एका बाकावर बसवतात.

पुढच्या महायुद्धात भाजलेले वैमानिक ईस्ट ग्रिन्स्टेड इथल्या रुग्णालयात येऊ लागले. तिथले सर्जन होते आर्चिबाल्ड मॅकिंडो, न्यूझीलंडचे, आणि गिलीज यांच्या नात्यातलेच. पापण्या, ओठ आणि बोटे गमावलेली ही मुले विशीतली होती आणि एकेकाच्या डझनावारी शस्त्रक्रिया होणार होत्या. मॅकिंडो यांनी आजाऱ्यांचे ठरलेले निळे कपडे त्यांना घालायला लावले नाहीत, त्यांना आपापला लष्करी गणवेश घालू दिला (निळा रंग इथेही होता, आणि त्यांनी तो काढून टाकला, हा योगायोग मला फार आवडतो). वॉर्डात बिअरचे पिंप ठेवले. आणि ते गावाशी बोलले. ही मुले तुमच्या रस्त्यांवर, चित्रपटगृहांत, दारूच्या गुत्त्यांत येणार आहेत, त्यांच्याकडे रोखून पाहू नका आणि तोंडही फिरवू नका, त्यांना घरी बोलवा, असे त्यांनी सांगितले. लोकांनी बोलावले. १९४१ मध्ये त्या रुग्णांनी स्वतःचा एक क्लब काढला आणि त्याला थट्टेने 'गिनीपिग क्लब' नाव दिले, कारण त्यांच्यावर प्रयोगच चालले होते. युद्ध संपेपर्यंत त्याचे ६४९ सभासद झाले. ज्या गावाने टक लावून पाहिले नाही ते गाव, अशी ईस्ट ग्रिन्स्टेडची ओळख पडली.

दोन्ही ठिकाणी शस्त्रक्रिया अव्वल दर्जाच्या होत्या, आणि दोन्ही ठिकाणचे अनेक चेहरे शस्त्रक्रियेनंतरही लोकांना पाहवत नसत. फरक चेहऱ्यांत नव्हता. सिडकपने बाक रंगवला आणि ईस्ट ग्रिन्स्टेडने दार उघडले. मला लेझरविषयी विचारणारे सगळे सज्जन लोक गिलीज यांच्याविषयी विचारत असतात. मॅकिंडो यांनी गावाला जे सांगितले त्याविषयी मला कोणी विचारत नाही. तो अर्धा उपचार रुग्णाच्या हातात नसतो, म्हणून तो त्याला विकताही येत नाही.

गेल्या वर्षी एका तरुण बापाने मला हाच प्रश्न विचारला, आणि त्याने तिसऱ्या भेटीची वाट पाहिली नाही. ओळखीतून नंबर मिळवून तो आला, खुर्चीच्या टोकावर बसला आणि म्हणाला, "ताई, तुम्ही का काढला नाहीत?" त्याची मुलगी पाच महिन्यांची होती. कपाळाच्या उजव्या बाजूला आणि पापणीवर डाग होता. मी त्याला वरचे काहीच ऐकवले नाही. डाग कपाळावर आणि पापणीवर असेल तर डोळ्यातला दाब आणि मेंदू या दोन्हींची तपासणी उशीर न करता करून घ्या, हे आधी सांगितले. ती त्याने केली होती. लेझर लहान वयात अधिक गुण देते, त्वचा पातळ असते, डॉक्टर म्हणत असतील तर करा, असेही सांगितले. त्याला आश्चर्य वाटले. मी लेझरच्या विरोधात बोलेन असे त्याला वाटले असावे. मग मी म्हटले, "मुलगी दाखवा ना."

त्याने फोन काढला आणि दाखवू लागला. मुलगी हसताना, पालथी पडलेली, आजीच्या मांडीवर, झोपेत मूठ वळलेली. गोड मुलगी होती. मी पाहत गेले आणि तो बोट फिरवत गेला, पंधरा, वीस, तीस छायाचित्रे. "हिची उजवी बाजू कुठे आहे?" मी विचारले. तो थांबला, मागे गेला, आणखी मागे गेला, रुग्णालयातल्या पहिल्या दिवसापर्यंत गेला. सगळी छायाचित्रे डावीकडून काढलेली होती. त्याच्या ते तोपर्यंत लक्षातच आले नव्हते. त्याने फोन खिशात ठेवला आणि आम्ही थोडा वेळ भलतेच काहीतरी बोललो.

आठ दिवसांनी त्याच्याकडून एक छायाचित्र आले, खाली एक अक्षरही नव्हते. समोरून काढलेले होते, खिडकीच्या उजेडात, आणि मुलगी हलल्यामुळे जरा अस्पष्ट आले होते.